पहिलीच कॅरव्हान घेतोय, कुठला प्रकार घ्यावा?

शंकासुर
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय तेव्हा सांभाळून घ्या.

आम्हाला कॅरव्हान घ्यायचीय, म्हणजे इंजिनवाली मोटरहोम नाही, आपल्या गाडीच्या मागे जोडून ओढायची ती. आम्ही दोघं, पोरगा नऊ वर्षांचा, पोरगी सहाची, आणि कधीमधी आई बरोबर असणार, तिला गुडघ्यांचा त्रास आहे. आत्तापर्यंत तंबूत राहत होतो पण मागच्या खेपेला रात्रभर पावसानं झोडपलं, पहाटे तीनला पोरीची गादी एका बाजूनं भिजली आणि बायकोनं तिथल्या तिथे जाहीर केलं की आता परत जमिनीवर झोपणे नाही. विषय संपला.

तर दोन आठवडे झाले मी रोज रात्री हेच बघत बसतोय आणि जितकं बघतो तितका गोंधळ वाढतोय. फोल्डिंग कॅम्पर, पॉप-टॉप, टिअरड्रॉप, मायक्रो, मग सिंगल ॲक्सल, ट्विन ॲक्सल, त्यात परत फिक्स्ड बेड, आयलंड बेड, बंकवालं... प्रत्येक जण आपलंच कसं भारी ते सांगतो. मला एक पाच बर्थची भयंकर आवडलीय, आत मोठ्ठा सोफा आहे, पण मी आयुष्यात साधा ट्रेलरसुद्धा ओढलेला नाही. नवशिक्यानं सुरुवात कुठून करावी? आधी छोटी घेऊन मग मोठी, का एकदाच काय ती मोठी?

जुनंखोड
शंकासुरराव, सोफ्याचं नंतर बघू. आधी उठा आणि तुमच्या गाडीचं दार उघडा. 😀

खरंच सांगतो. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली एक छोटी पट्टी असते, तिच्यावर बहुतेक गाड्यांना वजनाचे चार आकडे एकाखाली एक असतात. पहिला म्हणजे माणसं-सामान भरून गाडीचं कमाल वजन, दुसरा गाडी अधिक मागचा ट्रेलर मिळून कमाल वजन, खालचे दोन पुढच्या-मागच्या ॲक्सलचे. दुसऱ्यातून पहिला वजा करा, गाडी पूर्ण भरलेली असताना मागे किती ओढता येईल ते निघतं. गाडीच्या पुस्तकातही टोइंगची मर्यादा दिलेली असते, दोन्हीत जो आकडा कमी तो आपला धरायचा. काही गाड्यांना ओढायची परवानगीच नसते, विशेषतः इलेक्ट्रिकमध्ये हे बघाच, गाडी स्वतः चांगली दोन टनांची असते आणि पुस्तकात टोइंग शून्य लिहिलेलं असतं. आणि ज्यांना परवानगी आहे त्यांची रेंज मागे कॅरव्हान लावली की निम्म्यावर येते.

आता दुसरी गोष्ट. ओढता येतं म्हणजे ओढावं असं नाही. जुने लोक ८५ टक्क्यांचा हिशोब सांगतात, म्हणजे कॅरव्हान पूर्ण भरून तिचं जे कमाल वजन होईल ते गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवायचं. गाडी १५०० किलोची असेल तर १२७५. हा कायदा नाही, सल्ला आहे, हात बसलेले लोक १०० टक्क्यांपर्यंत जातात, पण नवशिक्यानं पाळावा असं माझं स्पष्ट मत आहे कारण मागचं जड झालं की मागचं पुढच्याला चालवायला लागतं. मोठा ट्रक शेजारून गेला किंवा उतारावर वेग वाढला की कॅरव्हान शेपटीसारखी डुलायला लागते, आणि ते एकदा अनुभवलं की माणूस वजनाचं तत्त्वज्ञान आपोआप शिकतो. मी शिकलोय. (त्या वेळी ब्रेकवर उभं राहायचं नाही आणि वेग वाढवून सरळ करायला तर अजिबात जायचं नाही, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं आणि वेग उतरू द्यायचा.)

वजन ठरलं की निम्मे प्रकार आपोआप गळतात. तुमचा आकडा टाका इथे, मग बोलू.

उगाचच
फोल्डिंग कॅम्पर घ्या हो. हलकी, मागे आहे असं जाणवतसुद्धा नाही, बंद केली की गाडीच्या उंचीपेक्षा खाली म्हणून आरशात मागचं सगळं दिसतं, वाऱ्याला आडवी येत नाही, पेट्रोल कमी, घरी गॅरेजमध्ये मावते. आम्ही चौघं सहा वर्षं वापरतोय. कॅरव्हानवाले उगाच डोंगर ओढत फिरतात.

जुनंखोड
उगाचच साहेब, हलकीबद्दल एकदम मान्य. पण त्यांच्या सौ. पावसाला कंटाळल्यात ना? फोल्डिंगचं छत आणि बाजू कापडाच्याच. पावसात गुंडाळून घरी आणली की दुसऱ्या दिवशी उघडून वाळवावी लागते, नाहीतर आठवड्यात काळी बुरशी. घरी उघडायला जागा नसेल तर कुठे वाळवणार?

उगाचच
आम्ही वाळवतो. आळस केला की बुरशी येणारच, त्यात कॅम्परचा काय दोष.
(बरं, एकदा आली होती. कबूल.)

भटकी_मांजर
+१ वजनाला. पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. वजनात बसणाऱ्या दहा कॅरव्हान निघतील, त्यातली कुठली ते रात्री ठरतं, दिवसा नाही. शोरूममध्ये सगळ्या छानच दिसतात कारण तिथे कुणी झोपत नाही, कुणाची ओली चप्पल दारात पडलेली नसते.

बर्थच्या आकड्यावर जाऊ नका. चार बर्थ म्हणजे चार जण झोपू शकतात एवढंच, चार जण पावसाच्या दुपारी तीन तास आत बसू शकतात असं नाही. आणि बऱ्याचदा त्यातले दोन बर्थ म्हणजे जेवायचं टेबल खाली करून त्यावर गाद्या जोडायच्या. आमची पहिली तशीच होती. सहा गाद्या, सगळ्या वेगवेगळ्या आकाराच्या, त्या ठरावीक क्रमानेच बसायच्या आणि तो क्रम फक्त नवऱ्याला लक्षात राहायचा. रोज रात्री दहाला पोरांना उभं करून, टेबल काढून, फळ्या सरकवून बेड करायचा, सकाळी परत सगळं उलटं, आणि एखादं पोर लवकर झोपलं तर मग बाकीच्यांनी बसायचं कुठे? रेल्वेचा मिडल बर्थ लावल्यावर खालच्याची जी गत होते तीच. पहिली सुट्टी मजा वाटली, तिसऱ्या सुट्टीत आमची त्या गाद्यांवरून भांडणं व्हायला लागली, दुसरं वर्ष संपायच्या आत विकली.

म्हणून लहान पोरं असतील तर मागे कायमचे बंक असलेला लेआउट घ्या असंच मी सांगते. एकावर एक दोन बेड, पुढे पडदा. पोरं झोपली की पडदा ओढायचा आणि पुढचा सोफा मोठ्यांचा. दिवसा ओल्या कपड्यांच्या बॅगा, खेळणी, सगळा पसारा बंकवर ढकलता येतो. फक्त वरच्या बंकला किती वजन चालतं ते विचारा, पोरं वाढतात.

फिक्स्ड डबल बेड नवरा-बायकोला भारी, पण त्यात जो कोपऱ्यात भिंतीला चिकटून असतो तो घेतला तर आतल्या बाजूच्यानं रात्री उठताना बाहेरच्याला ओलांडून यायचं. दोन्ही बाजूंनी उतरता येतं तो आयलंड बेड, त्याला लांबी जास्त लागते, लांबी म्हणजे परत वजन. एक कोपरा कापलेला बेडही असतो, उंच माणसाचे पाय नेमके त्या कापलेल्या कोपऱ्यात जातात. तुमच्या आई बाहेरच्या बाजूला झोपतील, वॉशरूमपर्यंत कुणाला ओलांडावं लागणार नाही आणि दाराची पायरी फार उंच नसेल एवढं बघा.

आणि एक, बघायला जाल तेव्हा सगळ्यांना घेऊन जा, दार लावून घ्या आणि अर्धा तास नुसते आत बसा. चपला काढून प्रत्येकाला आपापल्या बेडवर खरंच आडवं व्हायला लावा. विक्रेता विचित्र नजरेनं बघतो, बघू दे.

शंकासुर
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

खाली जाऊन पट्टी बघून आलो (अंधारात, मोबाइलचा टॉर्च लावून, शेजाऱ्यांना वाटलं गाडी बंद पडली). पहिला आकडा १९८०, दुसरा ३२८०. म्हणजे १३००. पुस्तकातही १३००च आहे. गाडीचं रिकामं वजन १४५०, त्याचे ८५ टक्के काढले तर १२३२ येतात. आणि माझी ती सोफावाली पाच बर्थची? कमाल वजन १५६०. गेली. 😢

आता दोन शंका. एका ठिकाणी १२४० कमाल वजनाची चार बर्थ बंकवाली दिसतेय, तिचं रिकामं वजन १०९० लिहिलंय, म्हणजे दीडशे किलो सामान नेता येईल, तेवढं पुरतं ना? दुसरं म्हणजे मित्र म्हणतो घेतोस तर ट्विन ॲक्सलच घे, चार चाकं जास्त स्थिर. आणि जुनी घ्यायची झाली तर काय बघायचं?

मागचं_चाक
दीडशे किलो ऐकायला खूप वाटतात, जरा मोजू. लेजर बॅटरी, म्हणजे कॅरव्हानच्या आतले दिवे-पंप चालवणारी, २२ धरा. गॅसचा सिलिंडर भरलेला १२ ते १५. ऑनिंग म्हणजे बाजूला लावायचा तो तंबू, दांड्यांसकट २५. कॅरव्हान हातानं सरकवता येत नाही म्हणून लोक चाकाला मोटरवाला मूव्हर लावतात, तो ३० च्या पुढेच. झाले नव्वद. उरल्या साठात चौघांची अंथरुणं, कपडे, भांडी, खुर्च्या, वायर, पाण्याचे कॅन. पाणी भरून तर निघूच नका, एक लिटरला एक किलो, ४० लिटरची टाकी म्हणजे अख्खं एक माणूस मागे उभं केल्यासारखं. जागेवर पोहोचून भरायचं. पुरतं, पण काटकसरीनं. रिकाम्या वजनात नेमकं काय काय धरलंय तेही कंपनीगणिक बदलतं, तेव्हा एकदा सगळं भरून वे-ब्रिजवर नेऊन वजन करून आणा म्हणजे डोळे उघडतात. आमचे उघडले होते, ७० किलो जास्त निघालं आणि त्यातले निम्मे किलो पुस्तकं आणि डबाबंद सामान.

ट्विन ॲक्सलचं मित्र म्हणतो ते खोटं नाही, रस्त्यावर जास्त स्थिर असते आणि एखादा टायर फुटला तरी बाकीचे सावरून घेतात. पण ती जड असते, तुमच्या १३०० मध्ये बसायचीच नाही. टायर दुप्पट, हातानं वळवणं जवळजवळ अशक्य, आणि काही कॅम्पसाइट ट्विन ॲक्सल घेतच नाहीत. पहिल्यांदा घेताना सिंगल ॲक्सल, विचार करू नका.

जुनी घेताना मी एकच शत्रू मानतो, ओल. इंजिन नाही, त्यामुळे लोकांना वाटतं बिघडायला आहे काय. सांध्यांमधलं सीलंट वाळतं, पाणी भिंतीत शिरतं आणि आतली लाकडी चौकट वर्षानुवर्षं कुजत राहते, वरून वॉलपेपर अगदी गुळगुळीत. आमची पहिली अशीच घेतली. मी टायर बघितले, पडदे बघितले, गॅस पेटवून बघितला, आणि पुढच्या खिडकीखालचं कपाट उघडलंच नाही कारण त्यात मालकानं व्यवस्थित उशा रचून ठेवल्या होत्या. घरी येऊन उशा काढल्या तर मागची भिंत अंगठ्यानं दाबली की बिस्किटासारखी आत जायची. उशा का रचल्या होत्या ते तेव्हा कळलं.

तेव्हा प्रत्येक कोपरा, खिडक्यांच्या खाली, छताच्या कडा, कपाटांच्या आत, सोफ्याखाली अंगठ्यानं दाबत जायचं. मऊ लागलं, डाग किंवा फुगवटा दिसला की थांबायचं. आत शिरल्या शिरल्या वास घ्या, आणि एअर फ्रेशनर टांगलेला असेल तर दोनदा घ्या. ओल मोजायचं मीटर मिळतं, १५ टक्क्यांपर्यंत ठीक, २० पर्यंत लक्ष ठेवायचं, त्याच्या वर गेलं तर कारण कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. शक्य तर पाऊस पडून गेल्यावर बघायला जा. चालताना जमीन दबल्यासारखी, करकरल्यासारखी वाटते का तेही, विशेषतः दारापाशी आणि ओट्यापुढे.

टायरची नक्षी बघून फसू नका, कॅरव्हानचे टायर झिजून नाही तर म्हातारे होऊन मरतात. बाजूला चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षं झाली की बदलायच्या तयारीला लागायचं, सातच्या पुढे तर नाहीच.

अर्धवट
मोठी का छोटी हा वाद फार जुना आहे म्हणे. हौसेखातर फिरायची पहिली कॅरव्हान १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त नौदल डॉक्टरनं बनवून घेतली, नाव द वाँडरर, १८ फूट लांब आणि ओढायला दोन घोडे. त्यालाही कुणीतरी आधी ८५ टक्के सांगायला हवं होतं. 😂
बाकी चालू द्या.

भटकी_मांजर
अर्धवट, घोड्यांना रिव्हर्स तरी घेता येत होतं. 😀

शंकासुर, तेच सांगायला परत आले. विकत घ्यायच्या आधी एकदा भाड्यानं घ्या, दोन रात्री पुरे. आणि निघायच्या आधी रिकाम्या मैदानात तासभर रिव्हर्सची प्रॅक्टिस करा. मागे जाताना कॅरव्हान उलटी वळते हे सगळे सांगतात पण ऐन वेळी डोकं चालत नाही. मला एकानं युक्ती सांगितली ती अजून वापरते, हात स्टिअरिंगच्या वरच्या भागावर न ठेवता तळाशी ठेवायचा. कॅरव्हानचं बूड डावीकडे न्यायचंय ना, हात डावीकडे. उजवीकडे, तर उजवीकडे. थोडंथोडंच फिरवायचं, आणि कॅरव्हान गाडीला काटकोनात यायला लागली की हट्ट सोडायचा, पुढे घेऊन सरळ करायची, परत सुरू. यात लाज कसली. नवऱ्यानं मागे उभं राहून हातवारे करायचे असतील तर आधी खुणा ठरवून घ्या, नाहीतर "ये ये ये ये" आणि मग धप्प.

कॅरव्हान गाडीपेक्षा रुंद असते तेव्हा आरशांना बाहेर येणारे जोड आरसे लागतात, भाड्याच्या वेळीही मागून घ्या. आणि कोपऱ्यातले चार पाय असतात ते स्थिर करायला, वजन उचलायला नाहीत. आमच्या शेजारच्यांनी त्यांच्यावरच कॅरव्हान लेव्हल करायला घेतली, पाय वाकला आणि दार लागेना. आधी चाकाखाली रॅम्प, मग पुढच्या छोट्या चाकानं पुढचं-मागचं, आणि सगळ्यात शेवटी पाय.

उगाचच
आणि पॉप-टॉपबद्दल कुणीच बोललं नाही? पत्र्याच्या भिंती, फक्त छत वर उचलायचं. माझ्यासारख्या वाऱ्याला घाबरणाऱ्यांना मधला मार्ग.

जुनंखोड
बरोबर, राहून गेलं. पार्किंगची उंची कमी असेल तर पॉप-टॉप उत्तम. छताच्या कडेनं कापडाची पट्टी असते तिथून थंडी आणि आवाज येतो, आणि भिंतींना वरची कपाटं लावता येत नाहीत म्हणून सामानाची जागा कमी, एवढं चालत असेल तर घ्या. टिअरड्रॉप आणि मायक्रो दोघांसाठी, पाच जणांत त्यांचा विषयच नको. लायसन्सचंही बघा, देशागणिक नियम वेगळे, गाडी आणि ट्रेलर मिळून किती वजन चालतं ते आपापल्या ठिकाणचं वाचून घ्या.

थंडीत जाणार असाल तर गॅस प्रोपेनचा घ्या. ब्युटेनचा शून्याच्या जरा खालीच वायू व्हायचा थांबतो, सिलिंडर भरलेला आणि शेगडी थंड. प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. आणि खाली, भिंतीत जी हवेची भोकं असतात ती गारठा येतो म्हणून कापड कोंबून बंद करू नका, ती मुद्दाम ठेवलेली असतात.

शंकासुर
मंडळी, अपडेट. काल ती १२४० वाली बघून आलो, सहकुटुंब. दार लावून अर्धा तास बसलो, विक्रेत्यानं खरंच विचित्र नजरेनं बघितलं. पोरगी खालच्या बंकवर गेली, पडदा ओढला आणि बाहेरच येईना. पोराचं पहिलं वाक्य, "चालू असताना मी इथेच झोपून येणार." त्याला सांगितलं बाबा, ओढत असताना आत कुणी बसायचं नसतं, तर रुसला. आईनं वॉशरूमचं दार उघडून बघितलं, आत उभी राहिली, वळली, आणि म्हणाली वळता येतंय, चालेल. ती येईल तेव्हा पुढचा सोफा तिला, पाचवा माणूस म्हणून मी ऑनिंगमध्ये. (बायको म्हणाली तुला जमिनीवर झोपायची सवय आहेच.)

१२४० म्हणजे ८५ च्या सात-आठ किलो वर जातेय पण मूव्हर नको असं ठरवलं, ढकलायला आम्ही चौघं आहोत, त्यामुळे १२१० च्या वर भरायचीच नाही. अंगठा सगळीकडे दाबला, मागच्या डाव्या कोपऱ्यात मला जरा शंका आली म्हणून मीटरवाला माणूस बुधवारी येतोय. टायर ३१२० आहेत, बदलून द्या म्हटलंय. तोवर तसाच लेआउट असलेली एक पुढच्या शनिवार-रविवार भाड्यानं घेतलीय.

जुनंखोड
झकास. नोज वेट बघितलंत का? हिच म्हणजे कॅरव्हानचं गाडीला जोडायचं पुढचं टोक, त्याचं खाली दाबणारं वजन, भरलेल्या कॅरव्हानच्या ५ ते ७ टक्के हवं, तुमच्या १२१० ला म्हणजे साधारण ६० ते ८५. गाडीच्या टो बॉलचीही (मागचा गोळा, ज्यावर हिच बसते) मर्यादा असते, तिच्या वर जायचं नाही.

शंकासुर
माझी ७५ आहे. मोजायचं कसं, त्याचं यंत्र घ्यावं लागतं का?

जुनंखोड
मिळतं, पण नको. सपाट जागेवर उभी करा, चाकांना पुढूनमागून ठोकळे लावा, मग हँडब्रेक काढा. बाथरूमचा वजनकाटा पुढे हिचखाली ठेवा, त्यावर टो बॉलच्या उंचीला येईल एवढा लाकडाचा तुकडा उभा, त्यावर हिच टेकवा आणि आकडा वाचा. जास्त आला तर जड सामान ॲक्सलकडे मागे सरकवा, कमी आला तर थोडं पुढे. एकदम शेवटच्या टोकाला जड काही ठेवू नका, डुलणं तिथूनच सुरू होतं.

शंकासुर
वजनकाटा बॅगेत भरला. बायको विचारतेय सुट्टीला वजनकाटा कशाला.